मनश्शे, शलमोन आणि शास्त्राचं मौन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा या भागातल्या मंडळ्यांत एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो बहुतेक वेळा मयताच्या घरी निघतो. पोरगा बाप्तिस्मा घेतलेला, उपासनेत ढोलकी वाजवणारा. पुढे मोहाच्या दारूच्या नादी लागला, मंडळी सुटली, ऊसतोडीला गुजरातेत गेला आणि तिकडेच वारला. रात्री जीपमधून मयत येतं. सकाळी आई पाळकांना विचारते, "भाऊ, माझा पोरगा प्रभूकडे गेला ना?" पाळक तोंड उघडायच्या आत अंगणातला कुणीतरी 'गेला तो नरकात' असा निकाल देऊन मोकळा होतो. हे फार वाईट आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, पण शास्त्र हातात घेऊन.

दावीद राजाचा मुलगा शलमोन राजा, त्याच्यापासून सुरुवात करू. बायबलमधलं १ राजे, अध्याय ११ उघडा. ७०० राण्या, ३०० उपपत्नी. म्हातारपणी मन फिरलं आणि ज्यानं परमेश्वराचं मंदिर बांधलं, त्यानंच यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर कमोश या मवाबी दैवतासाठी उच्चस्थान, म्हणजे पूजेची जागा, बांधलं. परमेश्वर कोपला, राज्य फाडून घेईन म्हणाला. थोड्या ओळींनंतर शलमोन मेला, पुरला गेला. पश्चात्तापाचा एक शब्द तिथं नाही. जुन्या मंडळीचा शिक्षक ऑगस्टिन, त्यानं नेमकं यावरच बोट ठेवलं. त्याच काळातला बायबलचा भाषांतरकार जेरोम, त्याचं मत वेगळं, शलमोन पस्तावला असं तो मानत असे. उपदेशक हे पुस्तक म्हातारपणी पस्तावलेल्या शलमोनानं लिहिलं, असं आपल्याकडेही सांगतात. पण त्या पुस्तकात त्याचं नाव नाही, तेव्हा त्यावर सगळा भार टाकू नये. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रांत प्रभू आदामाचा हात धरून त्याला वर ओढतो, आणि बाजूला दाविदाबरोबर मुकुट घातलेला शलमोन उभा असतो. म्हणजे त्यांनी त्याला उठणाऱ्यांत धरलं.

आता दोन वचनं शेजारी शेजारी ठेवा. २ शमुवेल ७ मध्ये देव दाविदाला त्याच्या मुलाविषयी सांगतो: त्यानं अधर्म केला तर मी त्याला शिक्षा करीन, पण तुझ्या आधीचा राजा शौल याच्यावरची काढली तशी माझी कृपा त्याच्यावरून काढणार नाही. आणि १ इतिहास २८ मध्ये दावीद त्याच मुलाला बजावतो: तू त्याला सोडलंस तर तो तुझा कायमचा त्याग करील. दोन्ही शलमोनाविषयीच! सुधारक कॅल्विनच्या परंपरेतले, १६१८-१९ च्या डॉर्ट इथल्या मंडळ्यांच्या सभेचा निर्णय मानणारे, पहिलं वचन धरतात: निवडलेला पडेल, पण कायमचा हरवणार नाही. मेथडिस्ट चळवळीच्या वेस्लीच्या परंपरेतले दुसरं धरतात: कृपेतून माणूस खरंच घसरू शकतो, म्हणून जागे राहा. मला विचाराल तर देवानं दाविदाला दिलेलं वचन हे ज्यावर उभं राहायचं ते, आणि दाविदाचा इशारा जिवंत असताना कानात ठेवायचा. मयताच्या छातीवर इशारा ठेवून काय उपयोग?

आता मनश्शे पाहा, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. हा यरुशलेमेत ५५ वर्षं राज्य करणारा, शलमोनाच्याच वंशातला राजा. स्वतःच्या पोराला त्यानं आगीत होमलं, मंदिरात मूर्ती ठेवली, निरपराधांच्या रक्तानं यरुशलेम भरून टाकलं. २ राजे २१ एवढंच सांगतो आणि त्याला पुरतो. पण २ इतिहास ३३ काढा. अश्शूरच्या सरदारांनी त्याला आकडे अडकवून, बेड्या घालून बाबेलला नेलं. तिथं तो अत्यंत नम्र झाला, त्यानं विनवणी केली, आणि परमेश्वरानं ती ऐकली! तोच माणूस, तेच आयुष्य. इतिहासाचं पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचलं नसतं, तर आपण मनश्शेचा निकाल केव्हाच लावला असता. राजांच्या लेखकाला जे लिहायचं नव्हतं ते घडलंच नाही, असं झालं का? मग गुजरातेतल्या उसाच्या फडात, कोपीत, शेवटच्या रात्री त्या पोराच्या तोंडून काय निघालं, हे अंगणातल्या माणसाला कुठून कळलं?

बायकांच्या नादी लागून पडलेल्या शमशोनाचं नाव इब्री ११ मध्ये विश्वासाच्या यादीत आहे. लोटाला पेत्राचं दुसरं पत्र नीतिमान म्हणतं. दारूच्या नशेत तो काय करून बसला ते उत्पत्ती १९ मध्ये वाचून आपल्यापैकी कुणी तसं म्हणालं असतं का?

प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचं काय, असं आता तुम्ही विचाराल. तिथं शब्द जड आहेत. हा मनुष्य जन्मला नसता तर बरं, हे स्वतः प्रभूचे शब्द आहेत, ते मी हलके करणार नाही. तरीही त्यानं ३० रुपये परत नेऊन टाकले, निर्दोष रक्त धरून दिलं असं कबूल केलं. पेत्रानंही त्याच रात्री तीनदा नाकारलं होतं. फरक एवढा की पेत्र रडला आणि थांबला; पुढे सरोवराकाठी प्रभूनं त्याला तीनदा विचारलं. यहूदा तोवर थांबलाच नाही, त्यानं गळफास घेतला. रोमन कॅथलिक मंडळीनं हजारो संत जाहीर केले आहेत, पण अमुक माणूस नरकात आहे असं आजवर कुणाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही, यहूदाचंही नाही. या बाबतीत आपण त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून पाळकांना माझी विनंती आहे. त्या आईला खोटी खात्री देऊ नका, आणि निकालही देऊ नका. २ इतिहास ३३ वाचून दाखवा, पोराला मंडळीच्या दफनभूमीत जागा द्या, गाणी म्हणा. आणि त्याचे सोबती अजून पीत असतील तर रोमकरांस पत्र, अध्याय ६, 'पापात राहू नका' हा, त्यांच्यासमोर त्याच आठवड्यात वाचा.

शौलाचं प्रकरण दुपारच्या सत्रात घेऊ. एन-दोर गावी, भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे, मेलेला संदेष्टा शमुवेल त्याला म्हणतो, उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याबरोबर असाल. या एका वाक्यावर जुने भाष्यकार फार भांडले आहेत. १ शमुवेल २८ आणि ३१ वाचून या.