एमटीएचएफआरचा रिपोर्ट आलाय? आधी ताटात काय आहे ते बघा

एमटीएचएफआर हे फोलेट, म्हणजे व्हिटॅमिन बी9, शरीराला वापरता यावं यासाठी लागणारं एक जनुक. जनुक-चाचणीच्या रिपोर्टमध्ये ‘एमटीएचएफआर सी677टी – टीटी’ असं लाल अक्षरांत दिसलं की पोटात गोळा येतो आणि रात्रीतच महागडं मिथाइलफोलेट, म्हणजे फोलेटचं तयार रूप, मागवलं जातं. जरा थांबा.

(स्क्रीनवर: एन्झाइमचं चित्र, त्याला चिकटलेलं व्हिटॅमिन बी2)

पालेभाजीतलं फोलेट घ्या की गोळीतलं फॉलिक ॲसिड, शरीरात त्याचं शेवटी मिथाइलफोलेट व्हावं लागतं. ही शेवटची पायरी एमटीएचएफआर एन्झाइम सांभाळतं. त्याच्या जनुकात 677व्या जागी ‘सी’ या अक्षराऐवजी ‘टी’ आला, की एन्झाइममध्ये 222व्या जागी ॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. तेवढ्यानं एन्झाइमची पकड ढिली पडते. त्याला धरून असलेलं एफएडी, म्हणजे बी2पासून बनलेला जोडीदार, पटकन निसटतो. आई आणि वडील दोघांकडून ‘टी’ आला (हेच ‘टीटी’; दोघांकडून ‘सी’ आला तर ‘सीसी’) तर प्रयोगशाळेत एन्झाइमचं काम साधारण 30 टक्क्यांवर येतं.

भयंकर वाटतं ना? पण फोलेट मुबलक असलं की हेच ढिलं एन्झाइम सावरतं. सारखंच फॉलिक ॲसिड घेतलं, तर टीटीवाल्यांच्या रक्तातलं फोलेट सीसीवाल्यांपेक्षा सरासरी 16 टक्केच कमी भरतं. म्हणून ‘टीटी असेल तर फॉलिक ॲसिड चालतच नाही’ हे खोटं आहे. मेंदू-मणक्याचे जन्मदोष टळतात हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक ॲसिडबद्दल, मिथाइलफोलेटबद्दल नाही.

आता हे ताटाशी कसं जोडलंय ते बघा. अमेरिकेत जानेवारी 1998पासून ‘एनरिच्ड’ लेबल लावलेल्या धान्य-पिठांत 100 ग्रॅममागे 140 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सक्तीचं झालं. जन्मदोष घटले. पण मासा यादीत नव्हता. मासा म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, ज्याचे टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या रोजच्या जेवणातल्या पातळ भाकऱ्या, होतात. मेक्सिकोत तपासलेल्या नवजात बाळांमध्ये टीटीचं प्रमाण होतं 32 टक्के, जगातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी एक. म्हणजे ज्यांना गरज जास्त, नेमकी त्यांचीच भाकरी सुटली! मासात फॉलिक ॲसिड घालायची नुसती परवानगी मिळायला 2016 उजाडलं, आणि कॅलिफोर्नियात ते सक्तीचं झालं 1 जानेवारी 2026पासून: पौंडामागे 0.7 मिलिग्रॅम, किलोला साधारण दीड.

चीनमध्येही असंच. तिथल्या उत्तर भागात टीटी सुमारे 20 टक्के, दक्षिणेत बरंच कमी. 1990च्या दशकात तिथल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दिली. उत्तरेत हे जन्मदोष हजारी 4.8वरून 1.0वर आले, दक्षिणेत 0.8वरून 0.6. गोळी तीच, पण आधीची कमतरता मोठी होती तिथे फायदाही मोठा झाला. यातला किती वाटा जनुकाचा आणि किती जेवणाचा, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही.

(स्क्रीनवर: आट्याची पिशवी, निळं ‘+एफ’ चिन्ह)

मग आपलं काय? भारतात हा ‘टी’ तुलनेनं कमी आढळतो. आपलं दुखणं बहुतेक वेळा बी12चं असतं. मिथाइलफोलेटवरचा मिथाइल गट उतरवून घ्यायला बी12 लागतं. ते नसलं तर फोलेट त्याच रूपात अडकून पडतं, होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) चढतं, आणि वरून कितीही मिथाइलफोलेट ओता, कोंडी सुटत नाही. उलट फॉलिक ॲसिडचा मोठा डोस रक्तक्षय झाकतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला 2008मध्ये दिसलं, की गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी12 कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. आपल्याकडे फोर्टिफाइड आट्यात किलोला 75 ते 125 मायक्रोग्रॅमच फॉलिक ॲसिड असतं, अमेरिकेच्या दशांशापेक्षाही कमी. पण सोबत बी12 घातलेलं असतं. आमच्या मते हे शहाणपणाचं आहे.

म्हणून जनुक-चाचणीवर पैसे घालण्याआधी बी12 आणि होमोसिस्टीन तपासून घ्या. टीटी निघालंच तर बी2कडे लक्ष द्या. दूध, दही, अंडी यांतून ते मिळतं. मूल हवं असेल तर जनुक काहीही असो, निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्या, कारण बाळाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू बनतो) गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते, पाळी चुकल्याचं धड कळेपर्यंत. आधीच्या बाळात असा दोष असेल तर डोस दहापट, 4 मिलिग्रॅम, पण तो डॉक्टरांनीच लिहून द्यायचा.

आणि स्वयंपाकात? शिजलेल्या वाटीभर चवळीत दोनशे मायक्रोग्रॅमच्या वर फोलेट असतं. पालक मात्र उकळून पाणी ओतून दिलंत, तर निम्मं फोलेट मोरीत. पातळ भाजी करा, ते पाणी भाजीतच राहू द्या.