अंगठा पुरतो का?

(दृश्य : अकोला. मे महिना, सकाळचे सात. तव्यावर भाकरी. टेबलावर चष्मा, इन्सुलिनचं पेन, सुयांचा डबा.)

निवेदन :

टिक, टिक, टिक. बाबांच्या इन्सुलिनच्या पेनावर डोसाचा आकडा फिरवताना येणारा हा आवाज आमच्या घरात दिवसातून दोनदा होतो. सकाळी २२ वेळा, संध्याकाळी १४ वेळा.

बाबा एसटीत कंडक्टर होते. तिकिटाची मशीन यायच्या आधी त्यांच्या उजव्या हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असायचा. तो दांडीवर टकटक वाजवत ते भरल्या गाडीतून पुढे सरकायचे. त्या अंगठ्याचा सांधा आता धरलाय. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळं त्या अंगठ्यावरच अडलं.

बरीच वर्षं गोळ्यांवर शुगर आटोक्यात होती. मग एका हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन सुरू करू. बाबा घरी आले, चप्पल काढली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

"म्हंजे संपलं म्हना आता माह्यं."

तीन आठवडे त्यांनी विषय निघू दिला नाही. सुई लागली म्हणजे शेवटची पायरी, हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. आजूबाजूचेही धीर द्यायच्या ऐवजी "अरेरे" म्हणतात. खरं तर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. त्या थकल्या, की गोळीनं कितीही रेटलं तरी पुरत नाही. जे कमी पडतं ते बाहेरून द्यायचं. यात बाबांचा कोणताही गुन्हा नव्हता, आणि हे त्यांना पटवायला आम्हाला तीन आठवडे लागले याचं मला आजही वाईट वाटतं.

(दृश्य : जुनी काचेची सिरिंज, पातेल्यात उकळतं पाणी.)

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्यानंतर साठ वर्षं बाटली आणि सिरिंज यांचंच राज्य होतं. काचेची सिरिंज रोज उकळायची, उजेडाकडे धरून डोस मोजायचा. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं पेन आणलं. खिशाला लावता येईल असं.

(दृश्य : टेबलावर तीन पेनं. बाबांचे हात.)

डॉक्टरांनी समोर तीन पेनं ठेवली. त्यांनी आधी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती : इन्सुलिन कोणतं हे ठरतं आणि पेन त्याच्या मागून येतं. एका कंपनीची कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसणारी इन्सुलिनची नळी, दुसरीच्या पेनात घालायची नाही.

पहिलं पेन भरलेलंच मिळतं, संपलं की टाकून द्यायचं. हलकं, सोपं. बाबांनी २२ चा आकडा लावला, सकाळचा डोस तेवढ्या युनिटचा; युनिट हे इन्सुलिनचं माप. आकडा वाढला तसं मागचं बटण बाहेर येत गेलं. २२ वर ते इतकं लांब गेलं, की धरलेला अंगठा तिथवर पुरेना. पुरला तर दाबवेना.

"हे मले जमन का वं?"

तिसऱ्या पेनात स्प्रिंग होती. बटण बाहेर येतच नाही, हलकं दाबलं की डोस जातो. बाबांचा चेहरा उजळला. पण त्या पेनात येणारं इन्सुलिन वेगळं होतं, आणि दर महिन्याचा तो खर्च पेन्शनला झेपणारा नव्हता. त्यांनी ते अलगद परत ठेवलं. तो क्षण मी विसरणार नाही.

राहिलं मधलं. धातूचं, जरा जड, कार्ट्रिज बदलून वर्षानुवर्षं वापरायचं. मुठीत घट्ट बसतं. बटण यातही बाहेर येतं. तेव्हा आई म्हणाली, "डाव्या हातानं दाबून पाहा ना." डावा अंगठा चिमट्यापासून वाचलेला होता. उजव्या हातानं आकडा लावायचा, पेनाच्या छोट्या खिडकीत तो नीट वाचायचा, मग पेन डाव्या हातात घ्यायचं. घरात संत्री होती. दोन दिवस नुसत्या संत्र्यावर सराव झाला.

(दृश्य : तळहातांमध्ये पेन फिरतंय. सुईच्या टोकावर थेंब.)

बाबांचं इन्सुलिन दुधी, दोन प्रकारांचं मिश्रण. ते तळाशी बसतं. म्हणून तळहातात दहा वेळा फिरवायचं, दहा वेळा वरखाली करायचं, सगळं एकसारखं दुधी होईपर्यंत. मग नवी सुई. ४ मिलिमीटरची, बाबांना ती खोटीच वाटली होती. पण शरीर जाड असो की बारीक, कातडीखाली पोचायला तेवढी पुरते. सुई वर धरून आधी २ युनिट हवेत सोडायचे. टोकावर थेंब दिसला, तरच पुढे.

सुरुवातीला शुगर खाली येईना. डोस वाढवायचा का, असा विचार चालला होता. मग आईनं पाहिलं, की बाबा बटण दाबल्याबरोबर सुई ओढून काढतात आणि पोटावर थेंब ओघळतो. बटण शून्यावर आल्यावरही दहा मोजायचे असतात. बाबा दहा आकडे सहा सेकंदांत संपवायचे. शेवटी त्यांनीच तोड काढली. आता ते आकडे मोजत नाहीत, अकोला-अमरावती गाडीचे थांबे मोजतात. जाताना बोरगाव मंजू, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. येताना बडनेरा, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव मंजू, अकोला. गाडी डेपोत लागली, की सुई बाहेर.

पुढे बेंबीच्या उजवीकडे एक मऊ गाठ आली. तिथे दुखत नाही म्हणून ते रोज तिथेच टोचत होते. अशा गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. आता पोटाचे चार भाग, प्रत्येकाला एक आठवडा, बेंबीपासून दोन बोटं लांब.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. एका रात्री पेन पडलं, अडकलं. शेजारचे म्हणाले, कार्ट्रिजमधलं औषध सिरिंजनं ओढून घ्या. घरात लाल टोपणाची सिरिंज होती. ती बाटलीतल्या इन्सुलिनसाठी असते, एका मिलिलिटरला ४० युनिट. बाबांच्या पेनातलं असतं १०० युनिट. त्या सिरिंजवर २२ ची रेघ गाठली असती, तर बाबांच्या अंगात ५५ युनिट गेले असते. मेडिकलवाल्या दादांना फोन केला म्हणून वाचलो. कार्ट्रिजमधून सिरिंजनं इन्सुलिन ओढू नका. कुणीही सांगितलं तरी.

(दृश्य : ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं, वर ओलं फडकं.)

न उघडलेल्या कार्ट्रिज फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत; आणि अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. म्हणून हे मडकं. आत कोरडा डबा, डब्यात पेन. इथली हवा कोरडी, म्हणून ते छान गार राहतं. वापरलेल्या सुया फिनाईलच्या जाड बाटलीत झाकण घट्ट लावून जमतात. कचरा वेचणाऱ्या ताईच्या हाताला त्या लागू नयेत, एवढ्यासाठी.

(दृश्य : दुपार. व्हरांड्यात बाबा आणि गल्लीतले एक गृहस्थ. त्यांच्या हातात नवी चिठ्ठी.)

हे शेजारचेच भाऊ. काल त्यांनाही इन्सुलिन सांगितलंय. चहा तसाच पडलाय. बाबा आत गेले आणि आपलं पेन घेऊन आले. सुई नाही, कार्ट्रिज नाही, नुसतं पेन. २२ चा आकडा लावला आणि त्यांच्या हातात दिलं.

"सुईचं मंग पाहू भाऊ. आधी बटन दाबा. अंगठा पुरते का?"