मनाचे नाद

श्रोतेहो, नमस्कार. बाहेरच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना जपानी भाषेत ‘गिओनगो’ म्हणतात. ज्या स्थितीत किंवा हालचालीत आवाज मुळीच नसतो, तिला नाद देणाऱ्या शब्दांना ‘गिताइगो’. आणि त्यांपैकी जे केवळ मनाविषयी बोलतात, त्यांना अभ्यासक ‘गिजोगो’ असे वेगळे नाव देतात. आज बोलायचे आहे ते या शेवटच्या शब्दांविषयी.

‘दोकिदोकि’ म्हणजे छातीची धडधड. ती निकालाच्या धास्तीने होवो वा आवडत्या माणसाच्या चाहुलीने, शब्द तोच. एकच ठोका चुकला, तर मात्र ‘दोकित्तो’. आपल्याकडेही काळजात ‘धस्स’ एकदाच होते. ‘वाकुवाकु’ हा निव्वळ आनंदाच्या प्रतीक्षेचा शब्द, सहलीच्या आदल्या रात्री झोप न येणाऱ्या मुलाचा. त्याचे नाते पाणी उसळून वर येण्याच्या क्रियापदाशी सांगतात. आपला ‘उमाळा’ही पाण्याचाच, पण आपण तो बहुधा रडण्यासाठी राखून ठेवला आहे.

‘इराइरा’मधला ‘इरा’ म्हणजे काटा. मराठी मनात काटा रुतला की त्याचा सल होतो, म्हणजे दुःख होते. जपानी मनातला काटा चिडचिड करवतो. ‘मोयामोया’त विरळ धुके आहे: काहीतरी खटकते आहे, पण नेमके काय ते दिसत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या एका विकारात क्ष-किरण चित्रावर धुराच्या लोटासारखे जाळे दिसते, म्हणून सुझुकी आणि ताकाकु या जपानी डॉक्टरांनी १९६९ साली त्याला हेच नाव दिले, आणि आज जगभरचे डॉक्टर ते वापरतात.

माझ्या मते यांतला सर्वांत नेमका शब्द ‘हाराहारा’. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘चिंता’ लिहिले की तो मरतो, कारण चिंता घरी बसूनही करता येते, तर हाराहारा होण्यासाठी समोर कुणीतरी धोक्यात असावे लागते आणि आपल्याला नुसते पाहत राहावे लागते. मुलगा पहिल्यांदाच आधाराची चाके काढून सायकल चालवतो आहे, हँडल डगमगते आहे, वळणावर गटार आहे, आणि मागे आईचा हात हवेतच थांबला आहे. आपण म्हणू, तिचा जीव खालीवर होतो आहे. जपानी आई नंतर हे सांगताना ‘हाराहारा’ला ‘करणे’ या अर्थाचे ‘सुरु’ हे क्रियापद भूतकाळात जोडून म्हणेल, “हाराहारा शिता.”

मुलगा वळण पार करतो, पाय टेकवतो, मागे वळून हसतो. आईच्या तोंडून श्वास सुटतो. त्या श्वासालाही जपानीत शब्द आहे, ‘होत्तो’. मराठी आई इथे म्हणते, “हुश्श!”