गडाची भिंत ढासळली तर कुणाचं दार वाजवायचं?

नमस्कार मंडळी! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा सगळ्यांचे स्टेटस नुसते भरून गेले होते. पण हे बाराही किल्ले एकाच खात्याकडे नाहीत हे किती जणांना माहितीये? रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग वगैरे आठ केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, आणि राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे महाराजांच्या दोन राजधान्या, एक दिल्लीच्या अखत्यारीत, एक मुंबईच्या, आणि राजगडाच्या बुरुजाची तक्रार केंद्राच्या ऑफिसात दिली तर ती नुसती फिरत राहणार.

स्मारकं जपण्यासाठी केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्राच्या कायद्यात २०१० ला मोठा बदल झाला, स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. गडपायथ्याच्या लोकांना हा नियम जाचक वाटतो आणि खरं सांगायचं तर घराच्या साध्या दुरुस्तीसाठी पण परमिशन काढायची म्हणजे त्रासच आहे, त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, पण हा नियम नसता तर तटाला चिकटून हॉटेलं उभी राहिली असती.

तिसरी पातळी महापालिकेची. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, इमारतींना ग्रेड दिलेत, हेरिटेज समिती सल्ला देते, आणि बांधकामावर बंधन आल्यामुळे मालकाचं जे नुकसान होतं त्यासाठी टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क (तिथे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकता येतो) मिळायची सोय ठेवलीय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण नुसता ‘पाडू नका’ म्हणून कागद चिकटवला तर वाड्याचा मालक छप्पर गळायची वाटच बघत बसतो!

आता गडावर श्रमदान करणाऱ्या पोरांसाठी. तुमची तळमळ शंभर टक्के खरी आहे, पण ढासळलेली भिंत सिमेंटने लिंपू नका. जुनं काम चुन्यातलं, चुना भिजवून मुरवायचा, घाण्यात वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालायचं, आणि काम झाल्यावर कितीतरी दिवस पाणी मारत राहायचं. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटमध्ये ती आत कोंडते आणि मग दगड नि सांधे दोन्ही खराब होतात. शिवाय संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आधी लेखी अर्ज द्या, गवत काढणं, टाक्यांतला गाळ उपसणं यात खात्याला पण माणसं हवीच असतात.

आणि खूप गड असे आहेत जे कुणाच्याच संरक्षित यादीत नाहीत, जमीन वनखात्याची नाहीतर महसूलची. तुमच्या गावाजवळ असा गड असेल तर ग्रामसभेत ठराव करा, फोटो आणि सातबारा जोडून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवा. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मग अंतिम. वेळ लागतो, म्हणून अर्जाची पोच घ्या आणि दर महिन्याला विचारत राहा.