वादळ इथे नाहीच

(दृश्य : पहाट. रिकामा किनारा. निवेदनाआधी काही क्षण फक्त समुद्राचा आवाज.)

लाट दिसायच्या आधी ऐकू येते. ही रोजची गाज नव्हे. गोदामात कुणी पोती आपटावीत तसा धप्प आवाज येतो, आणि त्यामागोमाग तळपायाखाली वाळू किंचित थरथरते.

हवाईतल्या ओआहू बेटाचा हा उत्तर किनारा. महिना जानेवारीचा. आभाळ निरभ्र, वारा जेमतेम झावळ्या हलवण्याइतका. आपल्याकडे समुद्र खवळतो तो पावसाळ्यात, वाऱ्यापावसासकट. त्यामुळे कोकण पाहिलेल्या डोळ्यांना इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इतकं लख्ख ऊन, आणि समोर तीन-चार मजली लाटा?

वादळ इथे नाहीच. ते दोन-तीन दिवसांपूर्वी हजारो किलोमीटर उत्तरेकडे, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या बाजूला घोंघावत होतं. इथवर पोचलाय तो त्याने पाण्याला दिलेला हेलकावा. वाटेत बारीकसारीक लाटा विरून गेल्या. लांब लाटा जास्त वेगाने धावतात, म्हणून त्या आधी येतात. किनाऱ्यावरची जाणती माणसं नुसती उंची विचारत नाहीत, दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात तेही विचारतात. आठ-दहा म्हणजे किरकोळ. सतरा-अठरा ऐकलं की गप्पा थांबतात.

(दृश्य : पाइपलाइन, याच किनाऱ्यावरची सर्फिंगची जागा. लाट उभी राहताना, जवळून.)

हे बेट ज्वालामुखीचं, खोल समुद्रातून सरळ वर आलेलं. खंडांच्या काठाला असतो तसा रुंद, उथळ पट्टा इथे नाही. लाटेचा जोर वाटेत जिरत नाही, ती सगळ्या ताकदीनिशी खडकावर येते. पाइपलाइनला तर किनाऱ्याच्या अगदी जवळ. पाणी ताठ उभं राहतं, माथा पुढे झुकतो आणि आत पोकळ नळी तयार होते. सर्फर शिरतो तो या नळीत. खाली पाणी थोडं, आणि खडकात कपारी.

(दृश्य : वायमेआ उपसागर.)

वायमेआचं पाणी उन्हाळ्यात तळ्यासारखं असतं. पोरं कड्यावरून उड्या मारतात. हिवाळ्यात त्याच पाण्याकडे पाठ करायची नाही. इथली मोजणीही वेगळी. स्थानिक माणूस २० फूट म्हणाला, तर समोरून ती लाट ४० फुटांच्या आसपास भरते. आकडा कमी सांगण्यातही एक तोरा असतोच.

एडी आयकाऊ १९६८ मध्ये याच किनाऱ्यावर जीवरक्षक झाला. १९७८ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक होडी उलटली, तेव्हा मदत आणायला तो आपल्या सर्फबोर्डवरून एकटाच निघाला. बाकीचे वाचले. एडी सापडला नाही.

त्याच्या नावाची स्पर्धा इथे भरते, पण लाट समोरून ४० फुटांची झाली तरच. सगळे तयारीत असतात, हिवाळा सरतो, स्पर्धा होत नाही. २०१६ नंतर ती झाली थेट २०२३ मध्ये, २२ जानेवारीला.

त्या दिवशी जिंकलेला ल्यूक शेपर्डसन इथलाच जीवरक्षक. ड्युटीवर होता. मधल्या सुट्टीत पाण्यात उतरायचा, आणि फेरी संपली की परत आपल्या मनोऱ्यावर.