फ्लेक्सवरची टक्केवारी आणि वर्गाचा पट

मंडळी, तासगाव असो की विटा, शिष्यवृत्तीचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो. ‘निकाल ८० टक्के.’ कशाचे ८० टक्के, हे मात्र कुणी विचारत नाही. समजा दोन शाळांत वर्गाच्या पटावर प्रत्येकी ६० मुलं आहेत. एका शाळेनं त्यातली निवडक १० बसवली, ८ पात्र झाली. दुसरीनं ४५ बसवली, १८ पात्र झाली. तिचा निकाल ४० टक्केच दिसतो, पण मला विचाराल तर काम दुसरीनं केलंय. म्हणून मुख्याध्यापकांना तीन आकडे एकदमच विचारा: पट किती, बसले किती, पात्र किती. पात्र म्हणजे १५० गुणांच्या दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ४० टक्के.

आता बाकीच्या मुलांचं बघू. हजेरीपत्रकातला दर सातवा क्रमांक घ्या. मुलं गुरुजींना निवडायला सांगू नका, ते हुशारच पुढे करणार. त्यात त्यांचा दोष नाही, पाहुण्यापुढे आपणही चांगलाच कप काढतो. सातवीतल्या अशा मुलाला ८२४ भागिले ८ घालून बघा. बरीच मुलं १३ लिहितात. आठ एके आठ, मग दोन खाली घेतला. दोनात आठ जात नाही म्हणून चार खाली घेतला, चोवीस, आठ त्रिक चोवीस. पाढा चोख आहे. चुकलं एवढंच, की भाग जात नाही तिथं भागाकारात शून्य द्यायचं राहिलं. अशा मुलाला आणखी वीस गणितं घातली तर ते वीस वेळा तेच करील. त्यापेक्षा आधी अंदाज विचारा: आठशेला आठनं भागलं तर शंभर, मग उत्तर तेरा येईल का? शतक, दशक, एकक असे रकाने आखून भागाकाराचा प्रत्येक अंक ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहून घ्या. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली खरी, पण सहावी-सातवीत मूल पुढं सरकतंच. मग आठवीत शेकडेवारी अडते आणि आपण म्हणतो, पोरगं गणितात कच्चं.

शिक्षकांची रिक्त पदंही बघा. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र असे किमान तीन विषयशिक्षक हवेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. पद रिकामं असेल तर नुसतं ‘एक कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या विषयाचं, कधीपासून, आणि तो तास सध्या कोण घेतंय, हे विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालकच असतात, त्यामुळं हे इतिवृत्तात लिहून घेणं आपल्याच हातात आहे.

शेवटचं, आठवीच्या पालकांसाठी. एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. उत्पन्नाचा दाखला आणि आधारवरचं नाव, दोन्ही अर्ज भरायच्या आधीच तपासा. दाखल्यावर ‘पाटील’, आधारवर ‘पाटिल’ असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.