पन्नास षटकांचा दिवस

सिमेंटच्या पट्टीवरून आधी झाडू फिरतो. मग काथ्याची मॅट उलगडली जाते, दोन्ही बाजूंनी ताणली जाते आणि तिच्या कडेने मोठे खिळे मुरुमात ठोकले जातात. मॅट एका जागी जरी सैल राहिली तरी तेथे पडलेला चेंडू कसाही उसळतो, म्हणून खिळे ठोकून झाल्यावर एखादा मुलगा पायाने दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहतो. मराठवाड्यातील अनेक तालुक्यांत लेदर बॉलच्या क्रिकेटची सुरुवात आजही अशाच खेळपट्टीवर होते. टर्फ खेळपट्टीला लागणारी चिकण काळी माती या प्रदेशात हवी तेवढी आहे, पण ती माती भिजवून, रोलर फिरवून, पुन्हा भिजवून टणक करण्यासाठी जे पाणी लागते ते दरवर्षी मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने दुष्काळामुळे महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पाणी आणि क्रिकेट यांचा संबंध त्या आठवड्यात साऱ्या देशाने चर्चिला. मराठवाड्यातील मैदानांना तो आधीपासूनच ठाऊक होता.

मर्यादित षटकांच्या क्रिकेटचे भवितव्य काय, हा प्रश्न आम्ही या मैदानांवरून विचारतो आहोत. वीस षटकांच्या खेळाची चिंता करण्याचे कारण नाही. २००३ मध्ये इंग्लंडमधील कौंटी संघांच्या स्पर्धेतून सुरू झालेला हा प्रकार २००७ चा पहिला विश्वचषक आणि २००८ ची आयपीएल यांच्या बळावर जगभर पसरला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तोच खेळला जाणार आहे. प्रश्न आहे तो पन्नास षटकांच्या, म्हणजे एकदिवसीय सामन्याचा.

या सामन्याचा जन्म अडचणीतून झाला. मेलबर्नची कसोटी पावसात वाहून गेली, तेव्हा ५ जानेवारी १९७१ रोजी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यात आठ चेंडूंच्या चाळीस षटकांचा सामना खेळवण्यात आला आणि तोच पुढे पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना ठरला. १९७५ चा पहिला विश्वचषक साठ षटकांचा होता. त्यात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांसमोर सुनील गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा करून परतले. या खेळाची लय तेव्हा कोणालाच नीट उमगलेली नव्हती. आठच वर्षांनी, २५ जून १९८३ रोजी, त्याच मैदानावर १८३ धावांत गारद झालेल्या भारताने वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले. विश्वचषक पन्नास षटकांचा झाला तो १९८७ मध्ये, भारत आणि पाकिस्तानात. षटकांची संख्या आजवर अनेकदा बदलली असल्यामुळे ती उद्या चाळीस करावी असे कोणी सुचवले, तर केवळ परंपरेचा दाखला देऊन त्याला विरोध करता येणार नाही.

एकदिवसीय क्रिकेटला लागलेल्या ओहोटीची कारणे उघड आहेत. वेगवेगळ्या देशांच्या टी-ट्वेंटी लीगनी वर्षाचे महिने आपसांत वाटून घेतले असून उरलेल्या दिवसांत दोन देशांमधील एकदिवसीय मालिका कशाबशा बसवल्या जातात. आपल्या नव्या लीगसाठी जागा करण्याकरिता दक्षिण आफ्रिकेने जानेवारी २०२३ मधील ऑस्ट्रेलियातील एकदिवसीय मालिकेतून माघार घेतली आणि विश्वचषकाच्या पात्रतेसाठी मोलाचे असलेले गुणही सोडून दिले. तिन्ही प्रकार खेळणे शरीराला झेपत नाही असे सांगून बेन स्टोक्सने जुलै २०२२ मध्ये एकदिवसीय क्रिकेट सोडले; पुढच्या वर्षीच्या विश्वचषकासाठी तो परतला, पण त्याने मांडलेली अडचण आजही सुटलेली नाही. २०२३ मध्ये क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या लंडनच्या एमसीसी या क्लबच्या क्रिकेट समितीनेही २०२७ च्या विश्वचषकानंतर पुरुषांच्या द्विपक्षीय एकदिवसीय मालिका कमी कराव्यात अशी शिफारस केली. ज्या मालिकांच्या निकालाने कशातच फरक पडत नाही त्या कमी झाल्या तर आम्हालाही दुःख होणार नाही. चूक झाली ती गुणतालिकेची पद्धत मोडण्यात. वन-डे सुपर लीगमुळे प्रत्येक सामन्याला पात्रतेचे वजन आले होते. २०२३ नंतर ती बंद करण्यात आली आणि मालिका पुन्हा नुसत्या दौऱ्याच्या सोयीपुरत्या उरल्या.

प्रेक्षकांना हा खेळ नको आहे, हे म्हणणे मात्र खरे नाही. २०२३ च्या भारतातील विश्वचषकाला साडेबारा लाखांहून अधिक लोक मैदानावर आले. त्याच स्पर्धेत वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध २९२ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाचे ७ गडी ९१ धावांत बाद झाले होते. तेथून पायांत पेटके येत असताना जवळपास एका जागी उभे राहून ग्लेन मॅक्सवेलने नाबाद २०१ धावा केल्या. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग जेमिमा रॉड्रिग्सच्या नाबाद १२७ धावांनी यशस्वी झाला आणि तीन दिवसांनी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. या दोन्ही खेळी वीस षटकांत मावल्या नसत्या.

आता बीडकडे वळू. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात २४५ धावांचे लक्ष्य गाठताना भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. सहाव्या क्रमांकावर आलेल्या बीडच्या सचिन धसने कर्णधार उदय सहारनसोबत १७१ धावांची भागीदारी केली आणि ९५ चेंडूंत ९६ धावा करून तो बाद झाला. भारताने तो सामना दोन गडी राखून जिंकला. टी-ट्वेंटीमध्ये सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाच्या वाट्याला बहुतेकदा शेवटची चार-पाच षटके येतात. येथे मात्र अडतीसच्या आसपास षटके शिल्लक होती, म्हणून वीस वर्षांच्या आतल्या मुलाला आधी डाव सावरण्याची आणि मग तो वाढवण्याची संधी मिळाली. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरची देशाला ओळख झाली तीही २०२२ च्या याच स्पर्धेत, आणि जालन्याच्या विजय झोलने २०१४ मध्ये याच स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले. एकोणीस वर्षांखालील पुरुषांचा विश्वचषक पन्नास षटकांचा असतो, हे मराठवाड्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

तीन किंवा चार दिवसांच्या सामन्यासाठी टर्फ खेळपट्टी, मुक्कामाची व्यवस्था आणि शाळा-कॉलेजातून तेवढी रजा लागते, आणि हे सारे लहान गावातून आलेल्या मुलाला परवडत नाही. दुसऱ्या टोकाला टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत. लाउडस्पीकरवरचे समालोचन, प्रायोजकाचे फलक आणि विजेत्याला मोठे बक्षीस असा त्यांचा थाट असतो आणि त्यांच्यामुळे गावोगाव क्रिकेट जिवंत आहे, यात शंका नाही. पण आठ-दहा षटकांच्या त्या सामन्यात गोलंदाज फार तर दोन षटके टाकतो आणि पहिल्या चेंडूपासून हात मोकळे सोडण्यावाचून फलंदाजापुढे पर्याय नसतो. या दोन टोकांच्या मधोमध पन्नास षटकांचा सामना उभा आहे. तो एका दिवसात संपतो, तरीही अकराव्या ते चाळिसाव्या षटकापर्यंतचा जो काळ दूरचित्रवाणीला कंटाळवाणा वाटतो, त्यात एकेरी-दुहेरी धावा काढणे, ऑफ स्पिनरसाठी क्षेत्ररक्षण लावायला शिकणे, जुन्या चेंडूने दहा षटके पूर्ण करणे हे सगळे घडते. २०११ पासून एका डावात दोन्ही टोकांकडून एकेक असे दोन नवे चेंडू वापरले जाऊ लागल्यावर चेंडू पुरेसा जुना होईनासा झाला आणि रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुन्या चेंडूचे हवेत उलट दिशेने वळणे, जवळपास दिसेनासा झाला. जुलै २०२५ पासून पस्तिसाव्या षटकापासून एकच चेंडू ठेवण्याचा नियम आला. हा बदल आम्हाला योग्य वाटतो, कारण त्याने गोलंदाजाचे कौशल्य पुन्हा खेळात आणले.

२०२७ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया येथे चौदा संघांत होणार आहे. त्यानंतर किती द्विपक्षीय मालिका ठेवायच्या हे मंडळे ठरवतील. षटके चाळीस झाली तरी चालेल, पण मधल्या षटकांचा तो काळ कापला जाऊ नये, आणि विजय हजारे करंडकापासून एकोणीस वर्षांखालील विनू मांकड करंडकापर्यंत देशातील एकदिवसीय स्पर्धांना धक्का लागू नये. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, ऊन तापण्याआधी, शालेय आणि निमंत्रित संघांचे पन्नास षटकांचे सामने नेमाने भरवावेत. त्यासाठी नीट ताणलेली एक मॅट, दोन पंच, एक धावलेखक, पुरेसे लेदर बॉल, दुपारचे जेवण आणि सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत मोकळे मैदान एवढेच लागते, आणि टेनिस बॉलच्या एका मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाइतक्या रकमेत असे अनेक सामने भरवता येतील.